राज्य बदलले की बंदुकीचा परवाना बदलतो: अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या पदाधिकाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतील सर्व महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बारा वर्षे टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरात राहिलो आणि 2023 च्या उन्हाळ्यात नोकरीनिमित्त सहकुटुंब न्यू जर्सीत आलो. दोन्हीकडे मराठी माणसांनी आम्हाला हाताला धरून उभे केले, याबद्दल मी कृतज्ञ आहे. नव्या गावात आल्यावर शाळांचा दर्जा, गाडीची नोंदणी, डॉक्टर, सत्यनारायणाला येणारे गुरुजी, अगदी ताजा कढीपत्ता कुठे मिळतो इथपर्यंतची माहिती आपली मंडळी न विचारता देतात. एका विषयावर मात्र कोणी बोलत नाही. ज्या मराठी घरात पिस्तूल आहे, त्या घराने राज्य बदलले तर काय करायचे, हा तो विषय. आपल्यात अशी घरे नाहीत असे धरून चालण्याची पद्धत आहे, पण ती आहेत. माझे घर त्यांपैकीच एक. बंदूक घरात असावी की नसावी, या वादासाठी हे पत्र नाही. त्याबाबत माझ्या पत्नीचे आणि माझे मतही जुळत नाही.

मी पिस्तूल का घेतले, ते थोडक्यात सांगतो. कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू टू रायफलने नेमबाजी केली होती, ती गोडी मनात होती. ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास सोन्यासाठी भारतीयांची घरे फोडण्याचे प्रकार घडले, तेव्हा मी रीतसर पिस्तूल विकत घेतले, प्रशिक्षण घेतले आणि ते जवळ बाळगून फिरण्याचा टेक्सासचा परवानाही काढला. 1 सप्टेंबर 2021 पासून तर टेक्सासात 21 वर्षे पूर्ण झालेल्या आणि कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला पिस्तूल अंगावर बाळगण्यासाठी परवान्याचीही गरज उरली नाही. जुलै 2024 पर्यंत अशा राज्यांची संख्या 29 झाली होती. म्हणजे अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक राज्यांत राहणाऱ्या आपल्या माणसाला रोजच्या व्यवहारात बंदुकीच्या परवान्याचा संबंधच येत नाही, आणि नेमकी हीच सवय घेऊन तो उरलेल्या राज्यांत राहायला जातो.

आपल्या मनात शस्त्रपरवान्याचे जे चित्र असते तेही इथे आडवे येते. भारतात 1959 चा शस्त्र अधिनियम केंद्राचा आहे, परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात, निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची असते, आणि गडचिरोली असो वा गोंडा, कायदा एकच असतो. अमेरिकेत केंद्राचा कायदा आहे, त्याच्यावर राज्याचा, काही ठिकाणी त्याच्याही वर शहराचा. गाडी चालवण्याचा परवाना पन्नासही राज्यांत चालतो, म्हणून बंदुकीचाही चालत असेल, असे सरळ मनाच्या माणसाला वाटते. मलाही वाटले होते. तो चालत नाही. एका राज्याचा परवाना दुसऱ्याने मानावा यासाठी वेगळी मान्यता लागते, ती प्रत्येक राज्य आपल्या मर्जीने देते किंवा देत नाही. सर्व राज्यांना ती सक्तीची करणारे विधेयक डिसेंबर 2017 मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाले होते, पण सिनेटने ते पुढे नेले नाही.

आणखी एक अडचण आपल्या भाषेची आहे. मराठीत आपण 'बंदूक बाळगणे' हा एकच शब्दप्रयोग करतो. इथला कायदा मात्र तीन वेगळ्या गोष्टी पाहतो: बंदूक घरात ठेवणे, ती भरलेल्या स्थितीत अंगावर घेऊन फिरणे, आणि ती रिकामी करून कुलपात एका जागेहून दुसरीकडे नेणे. या तिन्हींचे नियम वेगळे आहेत आणि राज्यागणिक बदलतात. 'न्यू जर्सीत बंदूक बाळगता येते का हो?' या प्रश्नाला एका गृहस्थांनी मला ठामपणे होकार दिला आणि दुसऱ्यांनी तितक्याच ठामपणे नकार दिला. दोघेही आपापल्या अर्थाने बरोबर होते. एकाच्या मनात घरातले कपाट होते, दुसऱ्याच्या मनात कमरेचे होल्स्टर.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे जी थोडक्यात टळली ती. घर हलवण्याच्या आदल्या आठवड्यात सामान बांधायला आलेल्या माणसांनी पहिल्याच दिवशी सांगितले, की बंदूक आणि काडतुसे आम्ही नेत नाही, ती तुमची तुम्ही न्या. मी गॅरेजमध्ये पिस्तुलाची पेटी उघडून बसलो. आत फोममध्ये पिस्तूल, शेजारी दोन मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरून पिस्तुलात सरकवायचे कप्पे. मॅगझिनच्या पाठीवर बारीक भोके असतात आणि त्यांच्याजवळ आकडे कोरलेले असतात, म्हणजे आत किती गोळ्या आहेत ते बाहेरून कळावे. माझ्या मॅगझिनवर शेवटचा आकडा 15 होता. न्यू जर्सीत 2018 पासून मर्यादा 10 गोळ्यांची आहे, आणि तिथे असे मॅगझिन नुसते जवळ असणे हाच फौजदारी गुन्हा आहे, मग ते रिकामे का असेना. काडतुसांच्या खोक्यात टोकाला खळगा असलेल्या, हॉलो पॉइंट म्हणतात त्या गोळ्या होत्या. टेक्सासात घरात स्वसंरक्षणासाठी त्याच घ्या असे दुकानदार सांगतो. न्यू जर्सीत त्या घरी ठेवण्याची आणि नेमबाजीच्या रेंजवर नेण्याची सूट आहे, पण त्या मोजक्या सवलतींबाहेर खिशात वा गाडीत सापडल्या तर तोही गुन्हा. ही माहिती मला कोणत्याही मराठी माणसाकडून मिळाली नव्हती. नव्या गावातल्या पोलीस ठाण्याला मी सहज म्हणून फोन केला होता, तेव्हा पलीकडच्या अधिकाऱ्याने सगळ्यात आधी मॅगझिनबद्दल विचारले. मी पेटी उघडून आकडा वाचून दाखवला. 'ते तिकडेच ठेवून या,' एवढेच तो म्हणाला. मी दोन्ही मॅगझिन आणि खोकी डॅलसमधल्या दुकानात विकून टाकली आणि दहा गोळ्यांची मॅगझिन घेतली.

पण रस्ता उरलाच होता. आम्ही गाडीने आलो: टेक्सास, आर्कान्सा, टेनेसी, व्हर्जिनिया, मग आय-81 महामार्गावरून वेस्ट व्हर्जिनियाचा एक तुकडा, मेरीलँडचा जेमतेम बारा मैलांचा पट्टा, पेनसिल्व्हेनिया आणि शेवटी न्यू जर्सी. आठ राज्ये. मेरीलँड दुसऱ्या कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाही, त्यामुळे वेस्ट व्हर्जिनियापर्यंत खिशातले परवान्याचे जे कार्ड उपयोगाचे होते ते त्या बारा मैलांत कागदाचा तुकडा झाले. अशा प्रवासासाठी 1986 च्या केंद्रीय कायद्यात एक संरक्षण आहे. जिथून निघालात आणि जिथे चालला आहात त्या दोन्ही ठिकाणी बंदूक बाळगणे तुम्हाला कायदेशीर असेल, बंदूक रिकामी असेल, आणि ती व काडतुसे दोन्ही बसल्या जागेवरून हाताला लागणार नाहीत अशी ठेवली असतील, तर मधली राज्ये तुम्हाला अडवू शकत नाहीत. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी हवी, आणि पुढचा खण किंवा दोन सीटमधला कप्पा त्यासाठी चालत नाही. आपल्यापैकी बहुतेकांकडे डिकी नसलेल्या एसयूव्ही आणि मिनीव्हॅन आहेत, म्हणून हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हे संरक्षण ताणले की तुटते, याचे उदाहरण न्यू जर्सीतल्या न्यूअर्क विमानतळावरचे आहे. 2005 साली युटाहमधील एक प्रवासी पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. पिस्तूल त्याने नियमाप्रमाणे चेक-इन सामानात कुलूप लावून दिले होते. न्यूअर्कला त्याचे पुढचे विमान चुकले, सामान त्याच्या हाती परत आले, त्याने ते घेऊन हॉटेलात रात्र काढली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर प्रामाणिकपणे पिस्तूल असल्याचे सांगताच त्याला अटक झाली. खटला पुढे मागे घेतला गेला. पण त्याने अटकेविरुद्ध भरलेल्या दाव्यात थर्ड सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयाने 2010 मध्ये निकाल त्याच्या विरोधात दिला, कारण रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती. मुंबईचे विमान पकडण्यासाठी न्यूअर्कला येणाऱ्या आपल्या मंडळींना विमान चुकणे आणि हॉटेलात रात्र काढणे नवीन नाही.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत भरले, तेव्हा अनेक राज्यांतून कुटुंबे गाड्या काढून आली होती. त्याच अटलांटिक काउंटीत ऑक्टोबर 2013 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका तरुण आईला वाहतूक पोलिसाने थांबवले. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना होता, पर्समध्ये पिस्तूल होते, आणि तिने ते आपणहून पोलिसाला सांगितले. पूर्वी तिच्यावर एकही गुन्हा नव्हता. न्यू जर्सीत परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगणे हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा असून त्याला पाच ते दहा वर्षांची शिक्षा आहे आणि त्यातली किमान साडेतीन वर्षे पॅरोलशिवाय भोगावी लागतात. तिच्या प्रकरणाचा गाजावाजा झाला, म्हणून तिला तुरुंगाऐवजी पर्यायी कार्यक्रमात घेतले गेले आणि एप्रिल 2015 मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. फिलाडेल्फिया ते न्यू जर्सी हे अंतर एका पुलाचे आहे, आणि आपल्यातले कितीतरी जण तो पूल केवळ डोशासाठी ओलांडतात.

ती महिला अमेरिकन नागरिक होती. आपल्या सभासदांपैकी पुष्कळजण नागरिक नाहीत, आणि इथेच हा विषय मंडळांच्या दारात येतो. एच-1बी, एल-1, एफ-1, एच-4 आणि आई-वडिलांना मिळणारा पर्यटक व्हिसा, हे सारे बिगर-स्थलांतरित, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचे व्हिसा आहेत. अशा व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवणे केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे, मग राज्य टेक्सास असो की ॲरिझोना. वैध शिकारी परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत. 2022 पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा 15 वर्षे आहे. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेऊन दोन गोळ्या झाडणे हेदेखील जवळ ठेवण्यातच मोडते, ही गोष्ट लास व्हेगासच्या सहलीचे फोटो उत्साहाने टाकणाऱ्या विद्यार्थ्यांना कोणी सांगितलेली नसते. ग्रीन कार्डधारकाला बंदूक घेता येते. पण बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला तर त्याला देशाबाहेर काढता येते, त्यासाठी गुन्हा हिंसक असावा लागत नाही. पंधरा-वीस वर्षे रांगेत उभे राहून मिळवलेले कार्ड परवान्याशिवाय बाळगलेल्या एका पिस्तुलापायी धोक्यात येऊ शकते. माझे आई-बाबा पर्यटक व्हिसावर सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा त्या बंदीमुळेच पेटीची किल्ली मी त्यांच्या नजरेसही पडू देत नाही. बाबांना त्याचे हसू येते. त्यांच्या मते घरात चोर आला तर तो किल्ली सापडेपर्यंत थांबणार आहे का. मी वाद घालत नाही.

राज्यात प्रवासी म्हणून येणे आणि रहिवासी म्हणून येणे यांतही फरक आहे, आणि हा भाग सर्वांत जास्त विसरला जातो. तुम्ही रहिवासी झालात की जुन्या राज्याच्या परवान्याला मिळणारी मान्यता अनेक ठिकाणी संपते. फ्लोरिडा मान्यताप्राप्त राज्यातून आलेल्या नव्या रहिवाशाला 90 दिवस देते. इलिनॉयमध्ये 60 दिवसांत फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकमालकाचे ओळखपत्र, काढावे लागते. ते नसेल तर बंदूक घरात ठेवणेही चालत नाही. कॅलिफोर्नियात आणलेल्या बंदुका 60 दिवसांत राज्याच्या न्याय विभागाला कळवायच्या असतात. हवाईत नोंदणीसाठी पाचच दिवस आहेत. न्यूयॉर्कमध्ये आधी परवाना, मगच पिस्तूल, मग ते घरात ठेवायचे असले तरी. आणि न्यूयॉर्क शहराचा परवाना पुन्हा वेगळा. न्यू जर्सीत 2022 च्या कायद्याने नव्या रहिवाशाला 60 दिवसांत फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड (बंदूक खरेदीदाराचे ओळखपत्र) काढून बाहेरून आणलेल्या पिस्तुलाची नोंद करावी लागते. योगायोगाने गाडीचा परवाना बदलून घ्यायची मुदतही इथे 60 दिवसांचीच आहे. ती सर्वांना ठाऊक असते.

न्यू जर्सीत अंगावर पिस्तूल बाळगण्याचा परवाना सामान्य माणसाला मिळणे जून 2022 पर्यंत जवळजवळ अशक्य होते. त्या महिन्यात ब्रुएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची 'खास कारण दाखवा' ही अट रद्द केली आणि तिच्यासारख्या इतर राज्यांतल्या अटीही गेल्या. ही बातमी आपल्या व्हॉट्सॲप गटांत 'आता सगळीकडे चालतं' अशा रूपात फिरली. प्रत्यक्षात अट गेली, परवाना राहिला. न्यू जर्सीत त्यासाठी दोनशे डॉलर शुल्क, नात्यात नसलेल्या चार प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारस, प्रशिक्षण, नेमबाजीची परीक्षा, आणि हे सारे दर दोन वर्षांनी. शिवाय न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन्ही राज्यांनी लगोलग नवे कायदे करून जिथे पिस्तूल नेता येत नाही अशा जागांची लांबलचक यादी केली. या यादीतल्या अनेक कलमांवर खटले झाले, काही कलमे स्थगित झाली, काही पुन्हा लागू झाली. त्यामुळे मागच्या वर्षी कोणी सांगितलेला नियम या वर्षी खरा असेलच असे नाही.

जागांचा विषय निघालाच आहे तर आपल्या कार्यक्रमांबद्दल लिहितो, कारण इथे मंडळाची स्वतःची जबाबदारी आहे. आपला गणेशोत्सव, दिवाळी, संक्रांत बहुधा भाड्याने घेतलेल्या सार्वजनिक हायस्कूलच्या सभागृहात होते. शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक नेण्यास केंद्रीय कायद्याची बंदी आहे. रिकामी बंदूक कुलूपबंद पेटीत असेल तर सूट आहे, आणि परवानाधारकालाही सूट आहे, पण तो परवाना ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने दिलेला असला पाहिजे. शेजारच्या राज्याचा परवाना इथे उपयोगी नाही. 2021 नंतर 'आता गरज काय' म्हणून टेक्सासचा परवाना ज्यांनी नूतन केला नाही, त्यांना तर खुद्द टेक्सासातल्या शाळेजवळही ही सूट मिळत नाही. शाळेच्या आवारात राज्याचे नियम याहून कडक असू शकतात. न्यू जर्सीत स्थानिक परवाना असला तरी शाळेच्या लेखी परवानगीशिवाय आवारात बंदूक आणता येत नाही. दुसऱ्या राज्यातून ढोल-ताशा पथकाबरोबर आलेला माणूस गाडी शाळेच्या पार्किंगमध्ये लावतो, तेव्हा त्याच्या मनात ढोल उतरवण्याचा विचार असतो, सीटखाली काय आहे याचा नसतो. कार्यक्रमाच्या सूचनेत आपण 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' असे ठळक अक्षरांत छापतो. त्याखाली आणखी एक ओळ मावेल.

पोलिसाने गाडी थांबवल्यावर काय बोलायचे हेही राज्यागणिक वेगळे आहे. मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलायनात अंगावर पिस्तूल असेल तर ते आपणहून सांगणे बंधनकारक आहे. काही राज्यांत विचारल्यावरच सांगायचे असते. कुठेही असलात तरी हात स्टिअरिंगवर ठेवावेत आणि कागद काढण्याआधी तोंडाने सांगावे, एवढे मी मुलाला शिकवले आहे.

माझी विनंती अशी. आपल्या नवागतांच्या पुस्तिकेत या विषयाची दोन पाने असावीत, त्यांवर ती कोणत्या तारखेला तपासली ते छापलेले असावे, आणि दरवर्षी बंदुकीचे कायदे व व्हिसाचे कायदे या दोन्हींची जाण असलेल्या स्थानिक वकिलाकडून ती तपासून घ्यावीत. ज्या राज्यातून निघायचे त्या राज्यातच माणसाने नव्या राज्याच्या पोलिसांना किंवा वकिलाला फोन करावा, हे वाक्य त्यात सर्वांत वर असावे, कारण पोचल्यावर केलेला फोन उशिराचा असतो. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर अमक्या राज्यात चालते, तमक्यात चालत नाही अशा याद्या फिरू लागल्या तर त्या कोणी, केव्हा केल्या हे विचारण्याचा अधिकार गटप्रमुखांना द्यावा. आणि कोणी घरात पिस्तूल असल्याचे सांगून माहिती विचारली, तर त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू नये. मी डॅलसमध्ये कोणाला विचारले नाही, त्याचे खरे कारण ती नजर होते.

न्यू जर्सीपुरत्या दोन पानांचा मसुदा मी मराठीत तयार केला आहे आणि एका वकील स्नेह्यांनी तो वाचून त्यात सात दुरुस्त्या सुचवल्या आहेत. त्या करून मसुदा गणेशोत्सवाच्या आधी आमच्या मंडळाकडे देत आहे. इतर राज्यांतील मंडळांना नमुना म्हणून हवा असल्यास आनंदाने पाठवीन. राज्याचे नियम मात्र ज्याचे त्याने भरावे लागतील.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
न्यू जर्सीतील एक सभासद